शिशात गुंडाळलेली अकरा वाक्यं

कुवेतच्या नोकरीत मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलो, तो माणूस स्वतः कधीच कोणावर चिडत नसे. माझ्या चिडण्याचं निम्मं कारण तेच होतं. मी तिथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो आणि तो आमच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायचा. फिलिपिनो, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, गालांवर खड्डे. पहिल्या दिवशी त्याला पाहून मला वाटलं, ह्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. त्याच चेहऱ्यावर त्याचं पोट वीस वर्षं चाललं होतं, हे मला नंतर कळलं.

तो सिनेमातला नट होता. म्हणजे त्याच्या देशात चाळीसेक सिनेमांत तो होता, पण त्याचं नाव विचाराल तर तिथल्या माणसालाही सांगता आलं नसतं. खलनायकाच्या चार माणसांतला तिसरा, गोदामाचा पहारेकरी, उशिरा पोचणारा हवालदार, गाडीचा ड्रायव्हर. बहुतेक सिनेमांत मध्यंतराच्या आधीच मरायचा. आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्याची चेष्टा चालायची, सिनेमावाला शेवटी फिल्मच धुतोय म्हणून. तो हसायचा आणि ट्रे पुसत राहायचा. मला वाटायचं, अरे, एकदा तरी उलटून बोल!

आमचं बोलणं हॉस्पिटलच्या मोडक्या इंग्रजीत चालायचं, मध्ये थोडं हिंदी, थोडं अरबी. तो मला ‘सर’ म्हणायचा. एकदा त्यानं एक व्हिडिओ कॅसेट आणली आणि दुपारच्या सुट्टीत वेटिंग रूमच्या टीव्हीवर स्वतःचं मरण दाखवलं. त्यात मरायच्या आधी तो एक वाक्य बोलतो. मी म्हटलं, “आवाज किती पातळ लागलाय तुझा.”

“माझा नाहीच आहे तो, सर,” तो म्हणाला.

तेव्हा मला त्यांच्याकडची पद्धत कळली. शूटिंगच्या वेळी आवाज घ्यायचाच नाही. सगळं नंतर स्टुडिओत बसून भरायचं. हिरो-हिरॉइन स्वतः येऊन बोलतात. याच्यासारख्या लहान नटांना पुन्हा बोलावून एका दिवसाची मजुरी कोण देणार? मग तिथेच बसलेले दोन-तीन आवाजवाले सगळ्या पहारेकऱ्यांचं, ड्रायव्हरांचं, म्हाताऱ्यांचं बोलून टाकतात. चाळीस सिनेमे केले, पण पडद्यावर स्वतःचा आवाज त्यानं एकदाही ऐकला नव्हता. त्याच्या मुलीनं लहानपणी विचारलं होतं म्हणे, की बाबा घरी वेगळे का बोलतात.

आणि आता, म्हणजे एकोणीसशे नव्वदच्या सुरुवातीला, त्याची पाळी आली होती. दोन महिन्यांच्या रजेवर गेला असताना त्याला एका जुन्या दिग्दर्शकानं हिरोच्या थोरल्या भावाचं काम दिलं. सूड घ्यायला निघालेल्या धाकट्याला हा थोरला अडवतो, बंदूक खाली ठेव म्हणतो. सलग अकरा वाक्यं. दिग्दर्शकानं शब्द दिला, जुलैमध्ये आवाज भरायचं काम आहे, तू आलास तर तुझाच आवाज घेतो. नाही आलास तर माझा इलाज नाही.

एप्रिलमध्ये तो माझ्याकडे आला. आमच्या शिफ्टमधून एका वेळी एकालाच रजा मिळायची आणि जुलै माझा होता.

“सर, तुम्ही ऑगस्ट घ्याल का? मी जुलै घेईन.”

मी नाही म्हटलं. कारणही सांगतो, लाज सोडून. डोंबिवलीत आम्ही फ्लॅट घेतला होता आणि जुलैत तिथे फरशी बसायची होती. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहिल्याशिवाय फरशी सरळ बसत नाही असं माझं ठाम मत होतं. बायको म्हणत होती, मी बघते, तुम्ही कशाला त्यासाठी धडपडताय. पण मी कुणाचं ऐकेन तर ना! त्याला म्हटलं, “माझं तिकीट ठरलंय, घरचं काम आहे.” त्यानं एकदाही पुन्हा विचारलं नाही. “ओके सर,” म्हणाला आणि आत गेला. त्यानं आणखी एकदा विनवलं असतं, जरा आवाज चढवला असता, तर मी कदाचित मानलं असतं. असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. पण तसं सांगून काही फरक पडत नाही.

त्यानं दिग्दर्शकाला फोन केला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबतो, असं उत्तर आलं. याचं तिकीट ऑगस्टच्या पहिल्या शनिवारचं निघालं. मी डोंबिवलीत फरशी बसवून घेतली, ती बाथरूमच्या दाराशी वाकडीच बसली, आणि जुलैच्या अखेरीस परत कामावर हजर झालो. बुधवारी त्यानं मला आपली बॅग भरून झाल्याचं सांगितलं. गुरुवारी पहाटे रिग्गईतल्या आमच्या इमारतीच्या काचा हादरल्या आणि मी गॅलरीत आलो, तर रस्त्यावरून इराकी रणगाडे चालले होते.

त्या दिवसांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर विमानं बंद, फोन बंद, टपाल बंद, बँक बंद, आणि हॉस्पिटल चालू. निम्मा स्टाफ येईनासा झाला. एक्स-रेच्या फिल्म संपत आल्या, तेव्हा एकाच फिल्मवर दोन हातांचे फोटो काढायची वेळ आली. सगळे जण आपापल्या बायकामुलांच्या काळजीत होते. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. मी फरशीसाठी या माणसाचा जुलै घेतला. दोन दिवसांनी त्याची संधी हुकली. तो एक शब्द बोलत नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर मोकळा झालो असतो.

एक दिवस डार्करूमच्या दारावरचा लाल दिवा बराच वेळ जळत होता. दार ठोठावलं तर आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं कोणी सैनिक शिरलाय. तो एकटाच होता. अंधारात उभा राहून आपली अकरा वाक्यं म्हणत होता, आणि फिल्म धुताना वेळ मोजायचं जे मोठं घड्याळ असतं, त्याचे चमकणारे काटे बघत होता.

“काय चाललंय?”

“वेळ विसरायला नको, सर. शूटिंगच्या वेळी मी प्रत्येक वाक्य मनात मोजलं होतं. पहिलं तीन सेकंद, दुसरं पाच. ओठ हललेत तेवढ्यातच आवाज बसला पाहिजे.”

“विमानं कुठेत? तू जाणार कधी?”

“माहीत नाही, सर. तयार असलं पाहिजे.”

मी इतका चिडलो की त्याला म्हटलं, तयार बसून कोणाला काय मिळालंय? तो म्हणाला, सिनेमात त्याचं कामच तयार बसणं होतं. सकाळी सहाला कपडे चढवून बसायचं, कधी संध्याकाळी चारला बोलावणं यायचं, कधी यायचंच नाही. न विचारता बसून राहणाऱ्यालाच पुन्हा काम मिळतं. मला हे पटलं नाही. मी रांगेत पुढे घुसणारा माणूस आहे. मी घरी आलो आणि काय करता येईल याचा विचार करत बसलो.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात होते. त्यांच्या बीबीला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्राऐवजी दर महिन्याला तासाभराची कॅसेट बोलून गावाला पाठवायचे. आखातात हे सर्रास चालायचं. गावाकडून तशीच कॅसेट यायची, तिच्यात बकऱ्या, पोरं, शेजारणी, सगळ्यांचे आवाज. आता टपाल बंद म्हणून चाचा निघणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट देत होते. हिंदुस्थानी लोकांना बसनं बाहेर काढायला सुरुवात झाली होती, आणि माझं नाव सप्टेंबरच्या यादीत लागलं होतं. फिलिपिनो स्टाफला हॉस्पिटलनं थांबवून धरलं होतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑगस्टची मुदत टळली होती, पण सिनेमाची कामं लांबतातच, असं तोच एकदा म्हणाला होता. आवाजच हवाय ना त्यांना? मग आवाज मी नेतो!

चाचांनी पलंगाखाली लपवलेला टेपरेकॉर्डर काढून दिला. “नीट परत आण रे बाबा. आणि कॅसेट फडक्यात गुंडाळ, कपड्यांत टाक, झालं. धा वर्सं धाडतोय मी.”

आम्ही ते डार्करूममध्ये केलं. मशीनचा पंखा बंद केला, दार आतून लावलं. त्यानं प्रत्येक वाक्य तीनदा म्हटलं, एकदा सावकाश, एकदा मध्यम, एकदा घाईनं, म्हणजे तिथल्या माणसाला ओठांवर बसेल ते कापून घेता येईल. मी बॅटरी धरून उभा होतो. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्याचा खरा आवाज जरा घोगरा, वरच्या पट्टीत गेला की फाटणारा. शेवटच्या वाक्यात तो भावाला हाक मारतो आणि थांबतो. या माणसाला वीस वर्षं दुसऱ्यांच्या पातळ आवाजात मारलं, याचा मला त्या वेळी भयंकर राग आला. मी म्हटलं, “ही टेप पोचणार. माझ्यावर सोड.”

त्यानं चिठ्ठी लिहिली, पत्ता लिहिला, दिग्दर्शकाच्या नावानं पुडकं केलं. मी ते मुंबईहून पोस्टात टाकायचं होतं.

आता जे सांगतो ते एक्स-रेवाल्याशिवाय दुसरा कोणी करणार नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठोकलेली असते, की न धुतलेली फिल्म किरणांपासून जपा. मी कॅमेऱ्याचे रोलही विमानतळावरून नेताना शिशाच्या पिशवीत न्यायचो, आणि न नेणाऱ्यांना अडाणी समजायचो. निघायच्या दिवशी सकाळी ते पुडकं हातात घेतलं आणि मला वाटलं, एवढी मोलाची वस्तू, वाटेत विमानतळावर सामान मशीनखालून जाणार, धोका कशाला घ्या. डिपार्टमेंटमधून भंगारात निघालेल्या लेड एप्रनचा, म्हणजे किरणं अडवायला आम्ही अंगावर घालतो त्या शिशाच्या झग्याचा, एक तुकडा मी आधीच आणून ठेवला होता. त्यात पुडकं घट्ट गुंडाळलं, वर चिकटपट्टी मारली. टेपला त्या किरणांनी काहीही होत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं. हात डोक्याला विचारून चालत नाहीत, एवढंच मी म्हणू शकतो.

बस, मग दुसरी बस, वाळवंटातले तंबू, पाण्यासाठी रांगा, हे सगळं पार पडलं. चौक्यांवर सैनिकांनी माझं घड्याळ आणि ट्रान्झिस्टर घेतला, पुडक्याला कोणी हात लावला नाही. शेवटी सीमेपलीकडच्या एका विमानतळावर पोचलो. बाहेर आमचं विमान उभं दिसत होतं. बॅग मशीनमधून गेली आणि पडद्यावर माझ्या कपड्यांच्या मधोमध एक काळाकुट्ट चौकोन उमटला. आयुष्यभर एक्स-रेच बघत आलेल्या मला पाहताक्षणीच कळलं, मी काय करून बसलोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिथल्या शिपायानं पुडकं फोडलं. शिसं कशाला, त्यानं विचारलं. मी खरं सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं, आणि मलाही बोलताना ते खोटंच वाटत होतं. मग त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं कुठूनसा टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेट लावली. एक माणूस कोणालाही न कळणाऱ्या भाषेत एकच गोष्ट तीन-तीनदा म्हणतोय, आधी हळू, मग भरभर, शेवटी रडतोय.

“हा कोण? काय म्हणतो?”

“नट आहे. सिनेमातलं आहे.”

“सिनेमा कुठाय?”

शांतपणे सांगितलं असतं तर कदाचित सुटलो असतो. मी आवाज चढवला. आम्ही लढाईतून आलोय, तुम्हाला अक्कल नाही, असं काहीबाही बोललो. त्यानं चिठ्ठी, पत्ता, कॅसेट, शिसं, सगळं एका प्लास्टिकच्या टबात टाकलं आणि टब टेबलाखाली सरकवला. मागून लोक ढकलत होते, एका बाईचं तान्हं मूल माझ्या खांद्यावर ओकलं, विमानाची शेवटची हाक झाली. मी विमानात चढलो.

पत्ता त्या पुडक्यावरच होता. दुसरीकडे कुठे उतरवून घ्यायचं सुचलं नव्हतं. कुवेतला पत्र जात नव्हतं. डोंबिवलीत आठ-नऊ महिने मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. बायकोला एवढंच म्हटलं, की एका मित्राचं काम राहिलं. ती म्हणाली, लढाईत सगळ्यांचीच कामं राहिली. मी तिच्यावरही खेकसलो.

लढाई संपल्यावर हॉस्पिटलनं जुन्या लोकांना परत बोलावलं. मी एक्याण्णवच्या जूनमध्ये गेलो. तेलाच्या विहिरी जळत होत्या, दुपारी बारालाही गाड्यांचे दिवे लागलेले असायचे, आणि दोरीवर वाळत टाकलेला शर्ट काळे ठिपके घेऊन घरात यायचा. तो माझ्याआधी पंधरा दिवस येऊन कामाला लागला होता. मला पाहून त्यानं मिठी मारली. मी वाक्य तयार करून आलो होतो, पण बाहेर रुग्ण खोळंबले होते, आणि मग रोजच कोणी ना कोणी खोळंबलेलं असायचं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी त्यानं मला स्टाफ क्वार्टर्समधल्या त्याच्या खोलीवर जेवायला बोलावलं. भात, मासे, व्हिनेगर घातलेलं कोंबडीचं कालवण. जेवण झाल्यावर त्यानं व्हिडिओ लावला. सिनेमा आला होता.

थोरला भाऊ पडद्यावर आला. काम खरोखर चांगलं झालं होतं. गालांवरच्या खड्ड्यांसकट तो एखाद्या दमलेल्या, प्रेमळ माणसासारखा दिसत होता. आणि त्याच्या तोंडातून कुणाचा तरी भरदार, तुपकट आवाज निघत होता, रेडिओवर खताची जाहिरात करावी तसा. शेवटी भावाला हाक मारून थांबायचं होतं, तिथे तो आवाज थांबलासुद्धा नाही.

“मी डिसेंबरमध्ये घरी पोचलो,” तो म्हणाला. “आवाज भरायचं काम नोव्हेंबरमध्ये झालं होतं. हिरोला वेळ नव्हता म्हणून ते तोपर्यंत अडलं होतं. म्हणजे तुमची टेप वेळेत पोचली, सर. त्यांनी ऐकली असणार. ऐकली आणि दुसरा आवाज घेतला.”

मी समोरची ताटं एकात एक ठेवू लागलो.

“बरंच झालं. वीस वर्षं मला वाटायचं, एकदा माझा आवाज ऐकला की त्यांना कळेल. आता मला कळलं. दिग्दर्शकानं जानेवारीत पुढच्या सिनेमात काम देऊ केलं होतं. हिरॉइनचा बाप. पुष्कळ बोलायचं होतं. मी नको म्हटलं.”

“त्याला विचारलंस का, टेपचं काय झालं ते?”

“असं विचारत नाहीत, सर.” मग म्हणाला, “मी इथे पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलंय. मुलीचं शिक्षण होईल. तुम्ही एवढी धडपड केलीत माझ्यासाठी. मी विसरणार नाही.”

मी गप्प बसू शकलो असतो. पण मी जन्मात कुठे गप्प बसलोय? शिवाय त्याचे ते आभार मला सहन होईनात. मी सगळं सांगितलं. शिसं, काळा चौकोन, प्लास्टिकचा टब, माझा चढलेला आवाज. टेप पोचलीच नाही. तुझा आवाज कोणीही ऐकलेला नाही. माझ्याशिवाय आणि त्या दोन शिपायांशिवाय कोणीही नाही.

त्यानं व्हिडिओ बंद केला. तो रिमोटचं झाकण उघडझाप करू लागला.

“कधी घेतली त्यांनी?”

“सप्टेंबरच्या शेवटी.”

त्यानं बोटांवर मोजलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या पहिल्या दिवसानंतर पुन्हा एकदा मला त्याच्या चेहऱ्याची भीती वाटली.

“हिरॉइनच्या बापाचं काम दुसऱ्याला गेलं,” तो म्हणाला. “तो सिनेमाही आता पुरा होत आलाय.”

“मला माफ कर.”

“मी आठ महिने स्वतःला समजावलं, सर. रोज. की माझा आवाज वाईट आहे. आताशा कुठे झोप लागायला लागली होती.” त्यानं कॅसेट मशीनमधून काढली आणि डब्यात घातली. “हे तुम्ही मला सांगायला नको होतं.”